आधी वाट, मग धक्का

5 एप्रिल 2025, शनिवार

राष्ट्रीय सागरी दिन. 1919 मध्ये याच तारखेला सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनच्या वाटेला लागलं. समुद्रावर परक्या कंपन्यांची मक्तेदारी असताना वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ते धाडस केलं. त्याच मुहूर्तावर आमचा उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाला. विषय आहे बंदराची वाढ आणि पुनर्विकास. अभ्यासाची ठिकाणं तीन: मुंबई बंदराचा पूर्व किनारा, न्हावा-शेवा आणि पालघरचं नियोजित वाढवण बंदर.

पहिल्याच तासाला मुलांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, बंदर आखा. सगळ्यांनी सुरुवात पाण्यापासून केली. कुणी लाटा अडवणारी भिंत काढली, कुणी जहाजांचा चॅनेल, कुणी धक्का आणि त्यावरच्या क्रेन. कागदाची जमिनीकडची बाजू बहुतेकांची रिकामी राहिली. एका मुलीनं तिथं बारीक अक्षरात 'रस्ता' असं लिहून बाण काढला होता, तो थेट कागदाच्या कडेला जाऊन थांबला होता. मी विचारलं, "हा कुठे जातो?" म्हणाली, "मॅडम, हायवेला मिळेल ना कुठेतरी."

हे 'कुठेतरी' आपल्या बंदरांना फार महाग पडत आलं आहे. आधी धक्का बांधायचा, मग रेल्वे आठवायची आणि सगळ्यात शेवटी किनाऱ्यावरची माणसं. हा क्रम उलटा झाला पाहिजे. या वर्गात दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, एवढी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसली पाहिजे.

8 एप्रिल, मंगळवार

बंदराची क्षमता कशानं ठरते? मुलांचं उत्तर ठरलेलं: धक्क्याची लांबी आणि क्रेनची संख्या. फळ्यावर हिशेब मांडला. यार्डात एक कंटेनर बसेल एवढी जागा घ्या. तिच्यावर चार थर रचले तर चार कंटेनर राहतात. कंटेनरचा मुक्काम सरासरी सहा दिवसांचा असेल, तर त्या एका जागेवरून वर्षाला साधारण 243 कंटेनर जातील. मुक्काम तीन दिवसांवर आणा, तीच जागा 486 कंटेनर हाताळते. समुद्रात एक ब्रास भराव न टाकता क्षमता दुप्पट.

प्रत्यक्षात आकडे यापेक्षा खाली येतात. तळाचा कंटेनर काढायचा तर वरचे तीन हलवावे लागतात. त्यामुळे यार्ड काठोकाठ भरून चालत नाही, हालचालीला मोकळी जागा ठेवावीच लागते. पण हिशेबाचं मर्म तेच राहतं. मुक्काम कमी होतो तो गेटवर, कस्टमच्या टेबलावर, ट्रेलरच्या रांगेत आणि मालगाडीच्या वेळापत्रकात. यातलं एकही ठिकाण पाण्यात नाही. न्हावा-शेव्याचं बंदर चालवणाऱ्या जेएनपीएनं आयातदाराला माल थेट बंदरातून उचलण्याची मुभा वाढवली, ट्रेलर रस्त्यावर उभे राहू नयेत म्हणून मध्यवर्ती पार्किंग प्लाझा उभारला, ते याचसाठी. नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षात त्या बंदरानं सुमारे 73 लाख टीईयू हाताळले. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन.

वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग नवीन बंदर लागतंच कशाला?" प्रश्न चोख होता. उत्तर पाण्याच्या खोलीत आहे, त्याकडे पुढे येऊ असं सांगितलं.

14 एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीमुळे सकाळी दादरला चैत्यभूमीच्या वाटेवर गर्दी, निळे झेंडे. मुंबईच्या गोदीला या तारखेची आणखी एक आठवण आहे, 1944 ची. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. दुपारी आग लागली. चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानं त्याहून मोठा दुसरा. गोदी आणि आसपासच्या वस्त्या मिळून शेकडो माणसं गेली. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर आजपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

वर्गात मी याकडे नियोजनाचा धडा म्हणून पाहायला लावलं. स्फोटकं भरलेलं जहाज वस्तीला आणि गोदामांना लागून असलेल्या डॉकमध्ये आत घेतलं गेलं. युद्धाची घाई होती. धोक्याच्या मालाला धक्क्यापासून दूर, पाण्यातच उतरवण्याची पद्धत ठाऊक होती, तरी ती बाजूला पडली. आज कुठल्याही बंदराच्या आराखड्यात धोकादायक मालासाठी वेगळी जागा आखतात, तेलाचे धक्के दूर ठेवतात. मुंबईत कच्च्या तेलाची जहाजं जवाहर द्वीपाला लागतात, रसायनांची पीरपावला. ही शहाणीव फार मोठी किंमत मोजून आली आहे. एका मुलानं विचारलं, की मशीद बंदर-भायखळ्याकडच्या त्या लोकांना जहाजात काय आहे हे कुणी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. गोदीच्या भिंतीपलीकडच्या माणसाला आत काय येतंय हे कळण्याचा हक्क आहे, हे वाक्य त्यानं आपल्या वहीत स्वतःच लिहून घेतलं.

19 एप्रिल, शनिवार

परवाना काढून मुलांना इंदिरा डॉक दाखवायला नेलं. 1914 चा हा डॉक, तेव्हाचा अलेक्झांड्रा. मुंबईला भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो. ओहोटीला जहाज तळाला टेकू नये म्हणून डॉकच्या तोंडाशी दरवाजे घालून पाणी आत कोंडून ठेवलेलं. आम्ही लॉकच्या काठावर उभे होतो. भरती चढत होती. एक मध्यम आकाराचं मालवाहू जहाज टगच्या मागून अगदी सावकाश आत शिरलं. दोन्ही बाजूंना भिंत आणि जहाज यांच्यात हातभर वाटावी एवढीच फट, काठावरचे कामगार दोर हातात घेऊन जहाजाबरोबर चालत होते, पायलटचा आवाज वॉकीटॉकीवर. लॉकची रुंदी 100 फूट. ज्या जहाजांना पनामॅक्स म्हणतात, म्हणजे पनामा कालव्याच्या जुन्या मापात बसणारी, त्यांची रुंदी 106 फूट. सहा फुटांनी हा डॉक त्या जहाजांच्या जगाबाहेर राहिला.

1914 च्या अभियंत्यांना यात दोष देता येणार नाही, त्यांच्या काळाला 100 फूट प्रशस्तच होते. पण बंदराचा आराखडा पन्नास-शंभर वर्षांसाठी असतो, तेव्हा 'आणखी थोडी जागा सोडू का' हा प्रश्न प्रत्येक मापापाशी विचारायचा असतो.

तिथून बाहेरच्या बाजूला समुद्रात उभे असलेले ऑफशोअर कंटेनर टर्मिनलचे धक्के दिसतात. मुंबई बंदराला कंटेनरच्या धंद्यात परत आणायचं म्हणून 2007 मध्ये करार झाला. 1880 च्या दशकातले प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे दोन जुने डॉक बुजवून कंटेनर ठेवायला जागा करायची, असं ठरलं. खोल पाण्यात नवे धक्के उभे राहिले. पण गाळ उपसणं लांबलं, दाट शहरातून मालगाडीनं कंटेनर बाहेर काढायची वाट वेळेत तयार झाली नाही, आणि तोवर धंदा खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला स्थिरावला होता. आज त्या धक्क्यांवर मोटारी आणि पोलाद चढतं-उतरतं. कंटेनरसाठी बांधलेल्या धक्क्यांनी कंटेनरचं बंदर काही घडवलं नाही. पैसा लागला, वेळ गेला, दोन ऐतिहासिक डॉक गेले.

मुलांना तिथंच उभं करून पहिल्या तासाचा कागद आठवायला सांगितला, बाण कडेला थांबलेला.

परत येताना बॅलार्ड पिअरवर क्रूझ टर्मिनलचं काम चाललेलं पाहिलं, मग भाऊच्या धक्क्यावर चहा घेतला. इथून मांडव्याला रो-रो सुटते, रेवस-मोऱ्याच्या लाँच सुटतात, आणि बाजूला मासळीचा लिलाव. माल कमी झाला तरी पूर्व किनारा माणसांनी गजबजलेलाच आहे.

24 एप्रिल, गुरुवार

पूर्व किनाऱ्याचे नकाशे घेऊन बसलो. बंदराकडे सुमारे 1,800 एकर जमीन, कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत. ससून डॉक, लाकडी बंदर, कोळसा बंदर, गवताचं 'हे बंदर', दारूखान्याचं जहाज तोडायचं काम, शिवडीची चिखलाची खाजण आणि तिथं हिवाळ्यात उतरणारे रोहित. इतक्या वर्षांचा व्यापार नावांमध्ये शिल्लक आहे, गोदामं मात्र बरीचशी रिकामी. 2014 मध्ये राणी जाधव समितीनं या जमिनीचा लोकांसाठी वापर कसा व्हावा याचा अहवाल दिला. 2018 च्या अखेरीस बंदर प्राधिकरणानं विशेष नियोजन प्राधिकरण या नात्यानं आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला केला.

या जमिनीवर आपल्या मुलांपैकी कुणाचं काय मत आहे ते ऐकलं. एकाला मरीना हवा, एकाला उंच इमारती, एकीला सलग फिरता येईल असा किनारा. मी म्हटलं, आधी यादी करा. इथं आज कोण राहतं? पिढ्यानपिढ्या भाडेपट्ट्यावर असलेले व्यापारी, गोदी कामगारांच्या चाळी, झोपड्या, कोळी, जहाज तोडणारे मजूर, पेन्शनवर असलेले हजारो निवृत्त कामगार ज्यांची देणी याच जमिनीच्या उत्पन्नातून भागवायची आहेत. बंदर आणि शहर यांच्यामध्ये दीड शतक एक भिंत होती. ती पाडायची तर मुंबईकराला समुद्र दिसला पाहिजे, आणि भिंतीच्या सावलीत राहिलेल्याला घर मिळालं पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात, एकाच तारखेला. पुनर्विकासातून फक्त महाग खिडक्या तयार झाल्या तर तो लोकांच्या जमिनीचा अपमान ठरेल.

3 मे, शनिवार

काल केरळात विळिंजमचं बंदर पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झालं. वर्तमानपत्रं त्याच्याच बातम्यांनी भरली आहेत. किनाऱ्याला लागूनच वीस मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली, शिवाय युरोप-आखात ते अतिपूर्व या जहाजवाटेपासून फार जवळ. मोठ्या मदरशिपमधून उतरलेले कंटेनर लहान जहाजांवर चढवून इतर बंदरांकडे धाडायचे, हे तिथलं मुख्य काम. आजवर आपला हा माल मोठ्या प्रमाणात कोलंबो आणि सिंगापूरला उतरायचा, तिथलं भाडं आपण भरायचो. हे काम आपल्या किनाऱ्यावर यायलाच हवं होतं.

वर्गात दुसरी बाजूही मांडली. 2022 मध्ये तिथल्या मच्छीमारांनी किनारा वाहून चालल्याची तक्रार घेऊन महिनोन्महिने आंदोलन केलं. आणि बलरामपुरमला जोडणारा 10.7 किलोमीटरचा, बहुतांश बोगद्यातून जाणारा रेल्वेमार्ग उद्घाटनाच्या दिवशी तयार नाही. जहाजातून जहाजात माल चढवायचा तोवर हे चालून जाईल. ज्या दिवशी माल देशात आत न्यायचा असेल त्या दिवशी रेल्वे लागेल. वाढवणला मात्र पहिल्या दिवसापासून माल आतच न्यायचा आहे, महाराष्ट्र, गुजरात, दिल्लीकडे. त्यामुळे ही सवलत वाढवणला मिळणार नाही.

14 मे, बुधवार

जासई. उरण-पनवेलच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग, उन्हात तापलेली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला इथं आणि नवघर-पागोटे भागात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं, जे देशभर नमुना म्हणून सांगितलं जातं. जेएनपीटी, म्हणजे आजचं जेएनपीए, सुरू झालं 26 मे 1989 ला. बंदरासाठी जमीन दिलेल्यांना त्या साडेबारा टक्क्यांची कागदपत्रं पंतप्रधानांच्या हस्ते द्यायचा कार्यक्रम झाला 2014 च्या ऑगस्टमध्ये. मधली पंचवीस वर्षं मुलांना मोजायला लावली. बंदर सुरू झालं तेव्हा जो विशीत होता तो पंचेचाळिशी ओलांडून गेला.

शेवा गावच्या कोळ्यांची गोष्ट याहून कठीण. त्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात बसवलं. तिथल्या घरांना वाळवी लागली, आणि नीट पुनर्वसन व्हावं म्हणून ते दशकानुदशकं दाद मागत राहिले. ज्या गावाचं नाव जगभरच्या मालाच्या बिलांवर छापलं जातं, त्या गावातल्या माणसांची ही गत.

आंदोलनाच्या समितीवर काम केलेले एक वयस्क गृहस्थ भेटले. सत्तरी पार केलेली, आवाज खणखणीत. मुलांना म्हणाले, "आम्ही बंदराच्या विरोधात नव्हतो रे. आमचं म्हणणं एवढंच, की हिशेब आधी करा. तुम्ही सरकारी कागदावर आधी 'भूसंपादन पूर्ण' लिहिता, आणि हिशेब आमच्या नातवंडांवर सोडता." मुलं बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसली.

आणि हेही नोंदवायला हवं: माल दिल्लीकडे नेणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा वैतरणा ते जेएनपीटी हा शेवटचा तुकडा आजही पूर्ण झालेला नाही. बंदराला छत्तीस वर्षं होत आली.

18 मे, रविवार

वरोर-वाढवण. बोईसरहून पुढे निघालो तसे एकापाठोपाठ एका घरावर, दुकानावर फलक दिसू लागले, 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. मुलं गप्प झाली.

प्रकल्पाचं स्वरूप कागदावर असं आहे. जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी, खर्च सुमारे 76,200 कोटी, जेएनपीएचा वाटा 74 टक्के आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा 26. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला पायाभरणी. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत, समुद्रात 1,448 हेक्टर भराव, 10.14 किलोमीटरची लाटारोधक भिंत, एक-एक किलोमीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. वर्षाला 2 कोटी 32 लाख टीईयू. 'नवीन बंदर लागतंच कशाला' या वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: पाण्याची नैसर्गिक खोली वीस मीटरच्या घरात. न्हावा-शेव्याचा चॅनेल गाळ उपसून 15 मीटरपर्यंत नेला आहे, आणि खाडीतला गाळ परत परत येत राहतो. चोवीस हजार टीईयूची जहाजं पूर्ण भरून तिथं येऊ शकत नाहीत. ही अडचण खरी आहे, ती मान्यच करायला हवी.

दुसऱ्या बाजूचा इतिहासही तितकाच खरा. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. 1998 मध्ये याच जागेवरच्या एका बंदराला त्या प्राधिकरणानं नकार दिला. त्याच प्राधिकरणानं 2023 च्या जुलैअखेर नव्या प्रस्तावाला परवानगी दिली. उच्च न्यायालयानं ती 2024 मध्ये ग्राह्य धरली आणि विषय पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला.

किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. काळ्या खडकांच्या पायऱ्या लांबवर उघड्या पडल्या. वाकून, हातात लोखंडी टोचा घेऊन बायका कालवं काढत होत्या. एका तांडेलनं आम्हाला समुद्राकडे हात करून कुठे कोणाच्या डोल जाळ्याच्या खुंट्या आहेत, घोळ कुठल्या भागात मिळते, ते सांगितलं. किनाऱ्यावरून आम्हाला फक्त पाणी दिसत होतं, त्याला त्यात गल्ल्या दिसत होत्या. मग म्हणाला, "ताई, बोटीचा परवाना माझ्या नावावर. बोटीवर सहा खलाशी. मासळी निवडणारी माझी बायको, सुकवणारी वहिनी, पाटी घेऊन चिंचणीच्या बाजारात जाणारी मावशी. यादीत कोण येणार? मी एकटा?"

गावात डायच्या कामाचा एक लहानसा कारखाना पाहिला. सोन्याचे दागिने ज्या पोलादी साच्यांवर ठोकून काढतात ते साचे या पट्ट्यातल्या घराघरांत कोरले जातात. खिडकीशी बसलेला पोरगा, डोळ्याला भिंग, बोटभर लांबीची छिन्नी. पोलादाच्या ठोकळ्यावर पाकळीची कड तो केसाएवढी घासत होता, फुंकर मारून चूर उडवत होता, पुन्हा भिंगातून बघत होता. हे हात कुठल्याही शाळेत तयार होत नाहीत. बंदराच्या खर्चाच्या पत्रकात या कौशल्यासाठी कुठला रकाना आहे, असं मुलांनी मला विचारलं. मी म्हटलं, तो रकाना आखायलाच आपण शिकतोय.

रात्री परतल्यावर हिशेब केला. बंदर पूर्ण क्षमतेनं चाललं तर दिवसाला सरासरी 63 हजार टीईयू. एका ट्रेलरवर दोन धरले तर सगळा माल रस्त्यानं न्यायला रोज सुमारे 32 हजार फेऱ्या. त्यातला एक तृतीयांश रेल्वेवर टाकायचा तर दुमजली रचलेल्या, 180 टीईयूच्या जवळपास 117 मालगाड्या, रोज. काही माल जहाजातून जहाजातच जाईल, आकडा खाली येईल. तरी महामार्गाला मिळणारा सुमारे 32 किलोमीटरचा रस्ता आणि मालवाहतूक मार्गाला जोडणारे 12 किलोमीटरचे रूळ, हेच खरं बंदर आहे.

26 मे, सोमवार

मुंबईत आज पाऊस दाखल झाला, मे महिन्यात, आजवरच्या नोंदींत सगळ्यात लवकर. नवीन भुयारी मेट्रोच्या एका स्थानकात पाणी शिरलं. आणि काल कोचीजवळ 'एमएससी एल्सा 3' हे जहाज बुडालं. विळिंजमहून कोचीला निघालेलं, 640 कंटेनर, त्यातल्या काहींत कॅल्शियम कार्बाइड, जे पाण्याशी मिळालं की ज्वालाग्राही वायू सुटतो. सगळे 24 जण वाचले, हे मोठं नशीब. पण कंटेनर किनाऱ्याला लागू लागले आहेत.

वर्गात तीनही बातम्या एका नकाशावर लावल्या. समुद्राची पातळी आणि पावसाची वेळ दोन्ही बदलत असताना भरावाची उंची कुठल्या भरतीला धरून ठरवायची? बुडालेल्या जहाजातलं तेल आणि प्लास्टिकचे दाणे आवरायला साधनं कुठल्या बंदरात, किती तासांच्या अंतरावर? मच्छीमाराची मासळी त्या महिन्यात कुणी घेतली नाही तर भरपाई कुणाच्या खिशातून? आराखड्याच्या पानांत ही उत्तरं नसतील तर आराखडा अपुरा आहे.

10 जून, मंगळवार

एकाच दिवशी, काल, दोन बातम्या. विळिंजमला 'एमएससी आयरिना' लागलं, 24,346 टीईयूचं, जगातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर जहाजांपैकी. लांबी जवळजवळ 400 मीटर, रुंदी 61 मीटर. आपल्या इंदिरा डॉकचं लॉक त्याच्या रुंदीच्या निम्मंच. आणि त्याच दिवशी केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात 'वान हाय 503' या जहाजावर स्फोट झाले, आग लागली. कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे येत होतं. 22 पैकी 18 जणांना वाचवलं, चौघांचा पत्ता नाही.

एका मुलीनं वही उघडून 14 एप्रिलची नोंद वाचून दाखवली. आपल्या बंदराकडे येणाऱ्या जहाजात काय आहे हे गावाला कळलं पाहिजे. मी फळ्यावर तेच वाक्य मोठ्या अक्षरात लिहिलं. जहाजं मोठी होत जातील, बंदरंही. आग विझवणारी नौका, प्रशिक्षित माणसं, गावात वाजणारा भोंगा, रुग्णालयात भाजलेल्यांसाठी खाटा, ही तयारीसुद्धा क्रेनच्या बरोबरीनं, त्याच निविदेत मागितली पाहिजे.

26 जून, गुरुवार

1873 मध्ये आजच्या तारखेला मुंबई पोर्ट ट्रस्ट सुरू झाला. 152 वर्षं. आज वर्गाचा शेवटचा दिवस. मुलांनी नवे कागद आणले. बहुतेकांनी रेषा जमिनीकडून काढायला सुरुवात केली होती. वरोरची घरं, तांडेलनं दाखवलेल्या डोलींच्या खुंट्या, रूळ, महामार्ग, मग यार्ड, मग धक्का. एकानं तर प्रत्येक टप्प्यापुढे 'हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही' असं लिहून चौकट आखली होती. त्या चौकटींवर आम्ही दिवसभर काम केलं आणि शेवटी वर्गानं मिळून एक टिपण तयार केलं. त्यातलं मुख्य इथं उतरवून ठेवते.

वाढवणला पहिली क्रेन उभी राहण्याआधी रूळ आणि रस्ता वाहता असला पाहिजे. बाधितांच्या यादीत परवानाधारकाबरोबर खलाशी, मासळी निवडणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका, कालवं काढणाऱ्या, डायचे कारागीर यांची नावं ग्रामसभेत वाचून पक्की झाली पाहिजेत, आणि पैसा खात्यात पडल्यावरच समुद्रात भराव पडला पाहिजे. बंदरातल्या नोकऱ्यांचं प्रशिक्षण आत्ता, याच वर्षी, चिंचणी-डहाणूत सुरू झालं पाहिजे, कारण आज बारावीत असलेला मुलगा बंदर सुरू होईल तेव्हा नोकरीच्या वयाचा असेल. मासळी, प्रवाळी खडक आणि किनाऱ्याची झीज यांचं मोजमाप दर वर्षी मराठीत प्रसिद्ध झालं पाहिजे. आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर पहिली वीट रचली जाण्याआधी तिथल्या रहिवाशांचं घर आणि सगळ्यांसाठी खुला किनारा, हे दोन्ही नकाशावर रंगवून, सही करून ठेवलं पाहिजे.

देशाला खोल पाण्याचं बंदर हवं, याबद्दल मला शंका नाही. जासईच्या त्या गृहस्थांनाही नव्हती. पण ज्यांच्या किनाऱ्यावर ते उभं राहणार त्यांचा हिशेब चुकता न करता बांधलेलं बंदर कितीही खोल असलं तरी अपुरंच.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. बंदराचा आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होतो, तेव्हा मुदत ठरावीक दिवसांची असते आणि जाहिरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. ती शोधा. नकाशा मागवा, गावात वाचा, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सुनावणीला जा. मुदत संपल्यावर घेतलेल्या हरकतीला किंमत राहत नाही.